पोट भरतं, मग ताकद जाते कुठे?

निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झालेल्या माणसाच्या अंगातला जुना शर्ट नीट पाहिला, तर एक गंमत दिसते. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली असते, बाह्या सैल झालेल्या असतात, पोटावरचं बटण मात्र पूर्वीइतकंच ताणलेलं असतं. वजनकाट्यावर फारसा फरक नाही. घरातले सांगतात, दोन्ही वेळा जेवतात. रक्ताच्या रिपोर्टातही डॉक्टरांना घाबरण्यासारखं काही दिसत नाही. तरी देवापुढे मांडी घालून बसलेले आजोबा उठताना एक हात जमिनीवर आणि दुसरा गुडघ्यावर टेकवतात. आजींना कुकरचं झाकण एका दमात लागत नाही. रेशनची पिशवी घेऊन दुसरा मजला चढायचा तर मध्ये थांबावं लागतं.

'वय झालं' म्हणून आपण विषय संपवतो. वयाचा वाटा आहेच. पण त्याच वयाची माणसं पुण्यात रोज सकाळी पर्वती चढून येतात, त्यामुळे सगळा दोष जन्मतारखेच्या माथी मारता येत नाही. पोट भरलेलं असताना ताकद का जाते, हे समजून घ्यायचं तर दोन हिशेब शेजारी शेजारी मांडावे लागतात: एक पेन्शनचा आणि दुसरा शरीराचा. वय वाढतं तशी धान्याची गरज कमी होते, डाळी-दूध-अंडी-भाज्यांची गरज मात्र कमी होत नाही, काही बाबतींत ती वाढते. हातात पैसा कमी असला की ताटात नेमकं याच्या उलट घडतं.

हजार रुपयांचा महिना

'पेन्शनर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निवृत्त मामलेदार किंवा हेडमास्तर येतात. महागाई भत्ता वाढला की त्यांचं निवृत्तिवेतनही वाढतं. पण महाराष्ट्रात दुसऱ्या प्रकारचे पेन्शनरही लाखोंनी आहेत. एसटीचे चालक-वाहक, सहकारी साखर कारखान्यांतले कामगार, सूतगिरण्या, खाजगी कंपन्या, छोटे कारखाने यांतून निवृत्त झालेले हे लोक. त्यांना मिळते ती कर्मचारी निवृत्तिवेतन योजना 1995 ची पेन्शन, बोलीभाषेत 'ईपीएस पंच्याण्णव'. ही योजना 16 नोव्हेंबर 1995 रोजी सुरू झाली.

तिचं सूत्र साधं आहे. पेन्शनसाठी धरला जाणारा पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. प्रत्यक्ष पगार कितीही असला तरी हिशेबात धरायच्या पगाराला मर्यादा आहे: सुरुवातीला 5,000 रुपये, 2001 पासून 6,500 आणि सप्टेंबर 2014 पासून 15,000. म्हणजे या कमाल मर्यादेवर 35 वर्षं पूर्ण भरली, तरी पेन्शन येते 7,500 रुपये. जुन्या मर्यादेत निवृत्त झालेल्यांच्या हाती त्याहून कितीतरी कमी पडतं. सप्टेंबर 2014 मध्ये सरकारने किमान पेन्शन 1,000 रुपये ठरवली आणि पुढची दहा वर्षं हा आकडा हलला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, 2013 मध्ये, राज्यसभेच्या याचिका समितीने किमान 3,000 रुपयांची शिफारस केली होती. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपल्याच राज्याचे राज्यपाल झाले.

या योजनेत महागाई भत्ता नाही. त्यामुळे पहिल्या महिन्याला मिळालेला आकडा शेवटच्या महिन्यापर्यंत तोच राहतो आणि बाजार पुढे निघून जातो. नवरा गेल्यावर विधवेला साधारण त्याच्या निम्मी पेन्शन मिळते, 1,000 पेक्षा कमी नाही इतकंच. पण घरात एक माणूस कमी झाला म्हणून वीजबिल, गॅस आणि भाडं निम्मं होत नाही.

ज्यांना अशीही पेन्शन नाही, त्या गरीब वृद्धांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. तिची रक्कम 2023 साली 1,000 वरून 1,500 रुपये झाली. ऐंशीच्या आतल्या वृद्धांच्या पेन्शनमधला केंद्र सरकारचा वाटा 2007 पासून दरमहा 200 रुपयेच आहे.

हजार रुपये महिना म्हणजे दिवसाला 33 रुपये. शहरात रोज अर्धा लिटर दूध घेतलं तर जवळपास तेवढेच जातात.

आता खर्चाचा क्रम पाहा. भाडं किंवा सोसायटीचा मेंटेनन्स चुकवता येत नाही. वीज तोडतात. रक्तदाबाची गोळी बंद करायला डॉक्टर परवानगी देत नाहीत. उरतो एकच खर्च, जो कमी केला तर कुणी दारात येऊन विचारत नाही: जेवणाचा. त्यातही धान्याला हात लागत नाही, कारण ज्यांचं कार्ड प्राधान्य यादीत आहे त्यांना जानेवारी 2023 पासून माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं. मग कात्री कशाला लागते? दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर येतं. तूरडाळ किलोऐवजी पावशेर पावशेर सुटी आणली जाते आणि सुटी घेतलेली नेहमीच महाग पडते. अंडी मुलगा आला की. फळं कुणी आजारी पडलं की. महिनाअखेरच्या आठवड्यात तर आमटीत डाळ कुठे आहे हे पळीने शोधावं लागतं.

मोफत धान्य वाईट असं इथे म्हणायचं नाही. ते नसतं तर उपासमार झाली असती. पण ते ज्या गोष्टीची भर घालतं, ती म्हाताऱ्या शरीराच्या गरजांच्या यादीत वरच्या क्रमांकावर नाही.

भूक घटते, गरज घटत नाही

तरुणपणी खाल्लेल्या अन्नाचा मोठा हिस्सा इंधन म्हणून जळतो. वय वाढतं तशी हालचाल कमी होते, शरीराचं बसल्या जागी होणारं ज्वलनही मंदावतं. साठीनंतर रोजची इंधनाची गरज दोन-तीनशे कॅलरींनी सहज कमी होते. म्हणून आजोबांची एक पोळी कमी झाली तर त्यात काही वावगं नाही.

पण अन्नाचं दुसरं काम दुरुस्तीचं आहे. स्नायू, रक्त, त्वचा, रोगाशी लढणारे घटक, पचनाचे रस हे सगळं रोज मोडतं आणि रोज नव्याने बांधावं लागतं. त्याला लागतात प्रथिनं, म्हणजे डाळी, कडधान्यं, दूध, अंडी, मासे, मांस यांत भरपूर असणारा घटक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये सुचवलेलं प्रौढांचं प्रमाण वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम आहे. वृद्धांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने 2013 साली मत दिलं की पासष्टीनंतर ते 1 ते 1.2 ग्रॅम असावं. म्हणजे 55 किलो वजनाच्या माणसाला रोज 55 ते 66 ग्रॅम.

एकूण अन्न कमी आणि त्यातली प्रथिनं जास्त, याचा अर्थ प्रत्येक घास पूर्वीपेक्षा सकस हवा. आणि बाजारात सकस घास महाग असतो.

शरीराचा पीएफ

प्रथिनं इतकी महत्त्वाची असतील तर शरीर ती साठवून का ठेवत नाही? चरबी तर पोटावर हवी तेवढी साठते. प्रथिनांसाठी तशी वेगळी कोठी शरीरात नाही. त्यांची शिल्लक असते ती स्नायूंमध्ये, दंडात, मांड्यांत, पोटऱ्यांत. स्नायू हा शरीराचा पीएफ समजा. नोकरीत असताना दर महिन्याला वर्गणी जमा होते. मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणाला पैसे काढले तरी दोन-चार वर्षांत खड्डा भरून येतो. शरीरही तसंच करतं. ताप आला, जखम झाली, ऑपरेशन झालं की लढाईचा खर्च भागवायला ते स्नायू मोडून प्रथिनं काढतं. तिशीतला माणूस बरा झाल्यावर जेवतो, हिंडतो-फिरतो आणि शिल्लक पुन्हा जमते.

सत्तरीत दोन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे काढणं सोपं होतं. अमेरिकेत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर पडून राहायला सांगितलं होतं. त्यांना कोणताही आजार नव्हता, तरी तेवढ्या काळात त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो चरबीविरहित वजन घटलं. टायफॉइड किंवा चिकनगुनियाने पंधरा दिवस आडव्या झालेल्या म्हाताऱ्या माणसाला नंतर चालताना भिंतीचा आधार का लागतो, ते यातून कळतं.

दुसरी गोष्ट कमी माहीत असते. म्हातारपणी खात्यात भरलेली सगळी रक्कम जमा होत नाही. पोटात गेलेल्या प्रथिनांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचतो, पण स्नायू आता थोडे बहिरे झालेले असतात. तरुण माणसाच्या स्नायूंना एका जेवणात 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळाली की बांधकाम जोरात सुरू होतं. वृद्धांना त्यासाठी एका वेळी 25 ते 30 ग्रॅम लागतात. दिवसभर चिमूट-चिमूट मिळत राहिली तर बांधकाम नीट सुरूच होत नाही.

स्नायू घटत असताना तिकडे पोळी, भात, साखर आणि बिस्किटांतलं जास्तीचं इंधन चरबी बनून पोटावर बसतं. वजनकाटा दोन्हींची बेरीज दाखवतो, म्हणून फरक दिसत नाही. सैल खांदा आणि ताणलेलं बटण एकाच शर्टात नांदतात ते यामुळे. आणखी एक परिणाम लपून राहतो. जेवणानंतर रक्तात येणारी बरीचशी साखर स्नायूच उचलतात. उचलणारे कमी झाले की तीच साखर रक्तात रेंगाळते आणि घरात कुणाला मधुमेह नसताना आजोबांची साखर वाढते.

मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये देशभरातल्या प्रौढ आणि वृद्धांची मोठी पाहणी केली. साठीपुढच्यांपैकी चौथ्या हिश्शाहून थोडे जास्त लोक कमी वजनाचे निघाले आणि पाचव्या हिश्शाहून थोडे जास्त लोक प्रमाणाबाहेर वजनाचे. या दुसऱ्या गटातले सगळे धडधाकट आहेत असं समजू नये. अशक्त मांड्या पोटाच्या घेराआड सहज लपतात.

एका दिवसाचं ताट

आता बेताच्या पेन्शनवर चालणाऱ्या एका घरातलं एका दिवसाचं खाणं डोळ्यांसमोर आणू. कल्पनेतलं आहे, पण ओळखीचं वाटेल. सकाळी चहा आणि चार ग्लुकोज बिस्किटं. दुपारी दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, थोडा भात आणि पातळ वरण. चार वाजता चहा. रात्री पुन्हा दोन पोळ्या, वांग्याची भाजी, घासभर वरणभात. झोपायच्या आधी कधी अर्धा कप चहा.

पोट रिकामं राहिलं असं कुणी म्हणणार नाही. प्रथिनं मोजू. दिवसभराच्या चहातलं मिळून दीडशे मिलीलिटर दूध, त्याचे 5 ग्रॅम. बिस्किटांचे 2. चार पोळ्यांचे मिळून 13. तांदळाचे 8. वरणाचा हिशेब चकवा देणारा आहे: पातळ वरणाच्या वाटीत कोरडी डाळ पंधराएक ग्रॅमच असते, म्हणून दोन्ही वेळचे मिळून जेमतेम 7. भाज्यांचे 3. बेरीज 38 ग्रॅम. 55 किलोच्या माणसाला हवे होते निदान 55. दिवसाचे 17 ग्रॅम कमी, महिन्याचे अर्धा किलो.

शिवाय या 38 मधले 21 ग्रॅम गहू-तांदळाचे आहेत. धान्यातल्या प्रथिनांत लायसिन नावाचा एक घटक कमी असतो. डाळीत तो भरपूर असतो. उलट डाळीत जे कमी असतं ते धान्यात असतं. दोन्ही एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून निघते. वरणभात, भाकरी-पिठलं, खिचडी, थालीपीठ, इडली हे आपले सगळे पदार्थ याच जोडीवर उभे आहेत. मात्र जोडी म्हणायची तर डाळ हवी. पाणी वाढवत नेलं की जोडीतला एकच उरतो.

सकाळचे ग्रॅम वेगळे काढले तर चहा-बिस्किटांचे तीन-चारच येतात. रात्रभराच्या उपवासानंतर शरीर बांधकामाला माल मागत असतं आणि दुपारी एकपर्यंत त्याला तो मिळत नाही. म्हाताऱ्यांच्या पोषणातली सर्वांत मोठी गळती मला तरी सकाळीच दिसते.

'आम्हाला आता काय लागतंय'

हे सगळं घरच्यांच्या लक्षात येत नाही, कारण टंचाई आपली ओळख सांगत येत नाही. ती चांगल्या सवयींचे कपडे घालून येते. 'रात्री हलकं खाल्लेलं बरं.' 'गुरुवार धरलाय.' 'चातुर्मासात एकभुक्त.' श्रद्धेने केलेल्या उपवासाबद्दल तक्रार नाही, पण महिनाअखेरीला उपवास वाढत असतील तर मुलांनी डब्यात डाळ आहे का ते उघडून पाहावं. उपवासाच्या साबुदाण्यात जवळजवळ पिष्टमयच सगळं असतं. त्या खिचडीला वाचवतो तो दाण्याचा कूट, आणि शेंगदाणे महागले की तोही कमी होतो.

आजी बहुधा शेवटी जेवतात. नवऱ्याला वरण वाढून झाल्यावर पातेल्यात जे उरेल ते. दूध नातवाला. एवढ्याने त्यांच्या रोजच्या प्रथिनांतले आठ-दहा ग्रॅम दुसऱ्याच्या ताटात जातात.

चहाचं वेगळं सांगायला हवं. चहा स्वस्त असतो, ऊब देतो आणि भूक मारतो, म्हणून हात आखडला की जेवणाची जागा तो हळूच घेतो. जेवणाबरोबर किंवा लगेच मागून घेतलेला चहा भाजी-भाकरीतलं लोहही बांधून टाकतो, ते अंगी लागत नाही. चहा सोडा असं कोणी सांगू नये, ऐकणारही नाही. जेवणापासून तासभर लांब ठेवला तरी पुष्कळ.

त्यात दात. दाढा गेल्या आणि कवळीचे पैसे नाहीत, मग भाकरी चहात बुडवावी लागते, मटकीची उसळ दातांखाली येत नाही, शेंगदाणे तर दूरच. मऊ आणि स्वस्त काय? पाव, बटर, खारी, बिस्किट. म्हणजे पुन्हा मैदा आणि साखर. वयाबरोबर चव आणि वासही मंदावतात, त्यामुळे मीठ-साखर जास्त पडते आणि साधं जेवण बेचव लागतं. तहानही कमी लागते. उन्हाळ्यात कित्येक म्हाताऱ्यांचा गळाठा हा निव्वळ पाणी कमी पडल्याचा असतो.

पथ्यांची वजाबाकी

सत्तरीच्या माणसाच्या फाइलीत तीन-चार डॉक्टर असतात आणि प्रत्येक जण ताटातली एक वस्तू काढतो. साखर आहे म्हणून भात नको. कोलेस्टेरॉल म्हणून अंडं नको. युरिक अ‍ॅसिड वाढलंय म्हणून डाळी नकोत. कफ होतो म्हणून दही नको, हे घरचंच. चौघांचं ऐकल्यावर उरते कोरडी पोळी आणि दुधीची भाजी. एकेक सल्ला आपापल्या जागी समजण्यासारखा असेल, पण बेरीज कोणीच करत नाही. काढलेल्या वस्तूच्या जागी काय खायचं, हे चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेलं असतं. डाळींचं तर असं, की 2004 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भाज्या आणि कडधान्यांतून येणाऱ्या प्युरिनचा गाउटशी संबंध आढळला नव्हता. तो आढळला मांस आणि मासळीशी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायला हवं. तिथे या लेखाचा हिशेब लावू नये.

ब जीवनसत्त्वांपैकी बी-12 ची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. डाळी-भाज्यांत ते नसतं. अन्नातून ते सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं आणि वयाबरोबर बऱ्याच जणांचं आम्ल कमी होतं. त्यावर अ‍ॅसिडिटीची रोजची गोळी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन, या दोन्हींमुळे बी-12 चं शोषण आणखी घटतं. आता शाकाहारी घरात दूध पाव लिटरवर आलं की तीनही बाजूंनी कोंडी होते. पायांना मुंग्या येणं, तोल जाणं, विसरभोळेपणा, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं ही त्याची लक्षणं. विसरायला लागले म्हणून म्हातारपणावर सोडून देण्याआधी एक रक्ततपासणी करून घ्यावी. याचं औषध महाग नाही. गोळ्या जनऔषधी केंद्रातही मिळतात.

---

चौकट : घरच्या घरी पाहा

हात छातीवर बांधून, साध्या खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. 12 सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पायांची ताकद कमी झाली आहे असं आशियाई तज्ज्ञांचा 2019 चा निकष सांगतो. पडण्याची भीती असेल तर शेजारी कुणाला तरी उभं करा.

शिंप्याच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. पुरुषांमध्ये 34 सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांमध्ये 33 पेक्षा कमी असेल तर डॉक्टरांना दाखवा.

प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजन वीसांश, म्हणजे 60 किलोच्या माणसाचं तीन किलो, घटलं असेल तर 'बारीक झालो, बरं झालं' असं म्हणू नका. पायांवर सूज असेल तर मात्र काट्यावर आणि टेपवर विश्वास ठेवू नका.

---

तेवढ्याच पैशांत

'दूध प्या, सुका मेवा खा, फळं खा' हा सल्ला 33 रुपये रोजाच्या माणसाला देण्यात अर्थ नाही. औषधांच्या दुकानात मिळणारे प्रोटीन पावडरचे डबे तर विसराच. त्यांच्या एका डब्याच्या पैशांत कित्येक किलो फुटाणे येतात. आपल्या स्वयंपाकघरात प्रथिनांच्या स्वस्त जागा कोणत्या, ते पाहू.

पहिली जागा बेसन. 40 ग्रॅम बेसनाचं घट्ट पिठलं म्हणजे 8-9 ग्रॅम प्रथिनं, दात नसले तरी चालतं आणि दहा मिनिटांत होतं. सकाळच्या बिस्किटांच्या जागी बेसनाचं मऊ धिरडं आलं, तर सकाळची ती मोठी गळती निम्म्याने बुजते. दुसरी जागा फुटाणे आणि शेंगदाणे: मूठभर फुटाण्यांचे 6 ग्रॅम, पंचवीस ग्रॅम दाण्यांचे 6. चावता येत नसतील तर मिक्सरमधून काढून दाण्याची चटणी, फुटाण्याचं पीठ ताकात. तिसरी जागा वरणाचं पातेलं. दोन्ही वेळा पातळ वरण करण्यापेक्षा एकाच वेळी घट्ट आमटी किंवा मोड आणून मऊ शिजवलेली मटकी-मुगाची उसळ करावी. डाळ तेवढीच लागते, पण एका जेवणातला डोस मोठा होतो, आणि बहिरे झालेल्या स्नायूंना तोच ऐकू येतो.

खाणाऱ्यांसाठी अंडं; 6 ग्रॅम, शिवाय बी-12. कोकणात सुकट आणि जवळा अजूनही गरिबाघरचा आधार आहे. त्यात प्रथिनं खच्चून असतात, मीठही असतं, म्हणून रक्तदाबवाल्यांनी नीट धुऊन घ्यावं. नाचणीची भाकरी किंवा आंबील हाडांसाठी. 100 ग्रॅम नाचणीत कॅल्शियम 350 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट. वृद्धांना रोज 1,200 लागतं.

आणि सोयाबीन. मराठवाडा-विदर्भात घराच्या ओट्यावर पोती रचलेली असतात आणि त्याच घरातली म्हातारी माणसं प्रथिनांविना झिजतात, हा मला आपल्या शेतीतला सर्वांत चमत्कारिक विरोधाभास वाटतो. सोयाबीनमध्ये तिसऱ्या हिश्शाहून जास्त प्रथिनं असतात. गव्हात दहास एक या प्रमाणात मिसळून दळलं तर पोळीची चव फारशी बदलत नाही. ते कच्चं मात्र दळू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा एक घटक असतो. आधी उकळून, वाळवून मग गिरणीत द्यावं.

यातलं पिठलं, फुटाणे आणि दाणे एवढंच त्या 38 ग्रॅमच्या ताटात घातलं तरी बेरीज 55 च्या पुढे जाते. ही भर घालताना एखादी पोळी आणि बिस्किटं कमी करावीत, नाहीतर पोट वाढेल. सोबत दिवसातून दोन-तीनदा खुर्चीतून दहा-दहा वेळा उठणं-बसणं हवं. पायांना काम मिळालं नाही तर आलेल्या प्रथिनांचं इंधनच होतं.

रेशन दुकानात डाळ

हे सगळं घरातल्या काटकसरीवर सोडून देणं मला पुरेसं वाटत नाही. महिन्याला 1,000 रुपयांत कुठलीही काटकसर एका मर्यादेपलीकडे जात नाही, आणि पेन्शन वाढवण्याची मागणी रास्त असली तरी तिचा निकाल कधी लागेल हे पेन्शनरांच्या हातात नाही. पण रेशनच्या पिशवीत काय असावं, हे ठरवायला तेवढा वेळ लागत नाही. एप्रिल ते नोव्हेंबर 2020 या टाळेबंदीच्या काळात केंद्र सरकारने कार्डामागे महिन्याला एक किलो डाळ किंवा हरभरा मोफत दिला होता. तमिळनाडूत रेशनवर तूरडाळ 30 रुपये किलोने मिळत आली आहे. आपल्याकडे 2022 च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' निघाला, त्यात 100 रुपयांत रवा, साखर आणि तेलाबरोबर एक किलो चणाडाळही होती, ती सणापुरतीच.

जानेवारी 2020 मध्ये सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत दोन पोळ्या, भाजी, भात आणि 100 ग्रॅम वरण ठरलेलं होतं. दहा रुपयांत एकट्या म्हाताऱ्याला गरम जेवण ही साधी गोष्ट नव्हती. त्या यादीत वरणाची पळी वजनाने मोजली होती, त्यातली डाळ नाही.

दरमहा एक किलो हरभरा म्हणजे दिवसाला 33 ग्रॅम, म्हणजे 6-7 ग्रॅम प्रथिनं. वर काढलेल्या 17 ग्रॅमच्या तुटीतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग तेवढ्याने भरतो. पेन्शनरांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतोच, म्हणजे साठीपुढचे पेन्शनर कोण आणि कुठे आहेत याची यादी सरकारकडे तयार आहे. हरभऱ्याच्या उत्पादनात महाराष्ट्र देशातल्या आघाडीच्या राज्यांत आहे, आणि हमीभावाने विकत घेतलेला हरभरा सरकारी गोदामांत असतो. तिथून तो रेशन दुकानात कसा न्यायचा, हे 2020 मध्ये एकदा करून झालं आहे.